रिपीटर ऐकू येतो, पण उघडत नाही: स्वस्त हँडीचं नेहमीचं दुखणं

“काका, मला सगळे ऐकू येतात, पण माझं कुणालाच जात नाही. सेट गेला वाटतं.”

हौशी रेडिओचं नवं लायसन्स हातात पडलेल्या पोरापोरींकडून हे मी किती वेळा ऐकलंय, त्याची गणती कधीच सोडून दिली. रविवारी सकाळी बेल वाजते. दारात दोन-अडीच हजारांचा चिनी हँडी, म्हणजे हातातला वायरलेस सेट, घेऊन कुणीतरी उभं असतं, चेहरा दवाखान्यात नंबर लावल्यासारखा. बहुतेकदा चहा होईपर्यंत सेट बोलायला लागतो. खरोखर बिघडलेले सेट आजवर माझ्या टेबलावर चार आले, त्यांचं पुढे सांगतो. बाकी सगळ्यांचं दुखणं मेनूत होतं, अँटेनाच्या आट्यांत होतं, नाहीतर माणूस जिथे उभा राहून बोलत होता त्या जागेत.

दर वेळी तेच तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतोय. मेनूचे आकडे बाओफेंगच्या यूव्ही-५आर आणि त्याच्या भावंडांचे आहेत, कारण माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात बहुतेक तेच असतात. तुमचा सेट वेगळा असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच ठेवा.

आणि हो, खालची जवळजवळ प्रत्येक तपासणी बोलायचं बटण दाबून करायची आहे. त्याला हौशी रेडिओचं लायसन्स लागतं. खरं तर नुसता असा सेट बाळगायलाही लागतं. बारा वर्षांपुढच्या कुणालाही परीक्षा देता येते. “ऑनलाइन सहज मिळाला” याचा अर्थ “वापरायला मोकळीक आहे” असा होत नाही. लायसन्स अजून आलं नसेल तर आधी ते होऊ द्या, हा लेख कुठे पळून जात नाही.

आधी लक्षण नीट पकडा

“माझं जात नाही” ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. डॉक्टरला “बरं वाटत नाही” सांगितल्यासारखं आहे ते. लक्षण पकडायला रिपीटर काय करतो तेवढं डोक्यात हवं. तो डोंगरावर बसलेला असतो, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सांगतो. तुम्ही बटण सोडलं तरी तो लगेच गप्प होत नाही, क्षणभर त्याची कॅरियर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, चालू राहते आणि मग ‘खच्च’ करून बंद होते. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. तुमच्या सेटचं निदान या शेपटावर आहे.

तेव्हा पाच मिनिटं ऐका. कुणी बोलत नसेल तर कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेलं तुमचं ओळखनाव) सांगून “टेस्टिंग” म्हणा, बटण सोडा आणि कान द्या. नुसतं बटण दाबून सोडू नका. रिपीटरवर पंधरा माणसं ऐकत बसलेली असतात, त्यांच्या कानात ते दारावर थाप मारून पळून गेल्यासारखं वाजतं.

लाल दिवा लागला, पण सोडल्यावर शेपूट आलंच नाही: रिपीटर उघडलेला नाही. निम्म्याहून जास्त लोक इथले असतात. दोष ऑफसेट (रिपीटरच्या ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतलं अंतर), टोन (त्याचं दार उघडणारा सूर), पॉवर, अँटेना किंवा जागा, यांतला एक.

शेपूट आलं, पण समोरचे म्हणतात “कॅरियर आली, आवाज नाही” किंवा “विहिरीतून बोलल्यासारखं येतंय”: रिपीटरने तुम्हाला पकडलंय. ऑफसेट-टोनला हात लावू नका, ते बरोबर आहेत. माइक, माइकचं भोक किंवा नॅरो (अरुंद पट्ट्याचं) सेटिंग बघा.

शेपूट येतं, आवाज तुटतो, मध्ये खरखर: सिग्नल काठावर आहे. अँटेना आणि जागा.

लाल दिवाच लागत नाही, किंवा बटण दाबलं की सेट बंद पडून पुन्हा “पॉवर ऑन” ओरडतो: बॅटरी, नाहीतर एखादं लॉक.

घरी उत्तम, टेकडीवर गेलं की सेट ठार बहिरा: हे वेगळंच प्रकरण आहे, त्यावर खाली सविस्तर.

तुमचं लक्षण यांतलं कोणतं ते कागदावर लिहा. आणि पुढे एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलून सेट चालला, तर तो कशामुळे चालला ते कळत नाही, आणि पुढच्या रविवारी तुम्ही पुन्हा माझ्या दारात.

फुकटातलं, मेनू न उघडता

बॅटरी. “बॅटरी आहे की, ऐकू येतंय ना!” हे उत्तर मला पाठ आहे. ऐकताना सेटला थोडे मिलिअँपिअर पुरतात. पूर्ण पॉवरवर बोलताना तो एक अँपिअरच्या वर ओढतो. अर्धमेली बॅटरी ऐकण्यापुरती जिवंत असते आणि बोलायला गेलं की मान टाकते. बऱ्याच सेटवर ० चं बटण दाबून धरलं की व्होल्टेज दिसतं. ही ७.४ व्होल्टची बॅटरी, पूर्ण भरली की ८.४ च्या आसपास. बटण दाबताच आकडा धाडकन खाली येत असेल तर दुसरं काही शोधू नका. बॅटरी काढून पितळी टोकं शाळेच्या खोडरबराने पुसा, पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत सरकवा. पावसाळ्यात ट्रेकला नेलेल्या सेटच्या टोकांवर हिरवट थर हमखास असतो.

अँटेना. काढा, आत बघा, पुन्हा बसवा. बोटांनी घट्ट, पक्कड नाही. एका बाजूला मध्ये टाचणीसारखी पिन हवी, दुसऱ्या बाजूला तिच्यासाठी भोक. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, आणलेले जोडतुकडे लावून काहींनी दोन्हीकडे भोकच आणून ठेवलेलं मी पाहिलंय. आटे छान बसतात, बाहेरून सगळं शोभून दिसतं, आत काहीच काही टेकलेलं नसतं. अशा सेटवर जवळचे लोक ऐकूही येतात, म्हणून संशय येत नाही. ही तपासणी इतकी वर घ्यायचं दुसरं कारण असं की अँटेना नीट न जुळता पूर्ण पॉवरवर बोलत राहिलं, तर शेवटचा ट्रान्झिस्टर भाजतो. मग फुकटातलं दुखणं महागात जातं. आणि मांजराला मानगुटीला धरावं तसा अँटेनाला धरून सेट उचलू नका.

स्पीकर-माइक लावला असेल तर काढून ठेवा. त्याच्या दोन पिना अर्ध्या बसल्या की सेटचा आतला माइक बंद आणि बाहेरचा चालू नाही, अशी अवस्था होते. बरोबर “कॅरियर आली, आवाज नाही” हेच लक्षण. सेटचा स्वतःचा माइक म्हणजे टाचणीएवढं भोक असतं. जाळी दिसते तो स्पीकर. लोक स्पीकरमध्ये तोंड घालून बोलतात आणि अंगठ्याने माइकचं भोक झाकतात. गणपतीनंतर आलेल्या एका सेटच्या त्या भोकात गुलाल घट्ट बसला होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने हलकेच साफ केला. आत सुई घालू नका, मागे पडदा आहे.

आता पडदा नीट वाचा. ‘एल’, म्हणजे लो, दिसतंय का? चॅनल मोडमध्ये (साठवलेल्या फ्रिक्वेन्सीवर) # चं बटण ओझरतं दाबलं गेलं तरी पॉवर कमी-जास्त होते, आणि खिशात ते दाबलं जातंच. ५ वॉटचा सेट १ वॉटवर आला की ७ डेसिबल गेले. रिपीटरच्या काठावर राहणाऱ्याला बुडवायला तेवढे पुरतात.

‘आर’ दिसतंय का? * च्या बटणाला ओझरता हात लागला की सेट उलटा होतो: रिपीटर जिथे ऐकतो तिथे तुम्ही ऐकता, तो जिथे बोलतो तिथे तुम्ही बोलता. वेताळ टेकडीवर मी स्वतः एक अख्खी सकाळ या ‘आर’ पायी घालवली आहे. तीन अँटेना बदलले, बॅटरी बदलली, रिपीटर चालवणाऱ्यांना मनातल्या मनात बोललो. शेवटी बरोबरच्या मुलीने विचारलं, “बाबा, हा आर कशाचा?”

दोन ओळींपैकी बाण कोणत्या ओळीवर आहे तेही बघा. ड्युअल वॉच, म्हणजे मेनू ७, चालू असेल तर सेट दोन्ही ओळी ऐकतो, आणि खालच्या ओळीवर कुणी बोललं की काही वेळ बोलण्याचा मानही तिलाच मिळतो. तुम्ही रिपीटरला उत्तर देताय अशा समजुतीत भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलून मोकळे. नवशिक्यांनी मेनू ७ सरळ बंद ठेवावा. मी आजही बंदच ठेवतो.

बोलायची घाई नको. बटण दाबा, मनात “एक” म्हणा, मग बोला. रिपीटरला तुमचा टोन ओळखायला थोडा अवधी लागतो, तेवढ्यात तुम्ही नाव सांगून मोकळे झालेले असता.

जागा: पुण्यात निम्मं दुखणं इथलं

इथे जरा रेंगाळतो, कारण “ऐकू येतो पण उघडत नाही” याचं खरं कारण बहुतेकदा हेच असतं आणि कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं, येणारी वाट आणि जाणारी वाट सारखीच. वाट सारखीच असते, आवाज सारखा नसतो. रिपीटरकडे उंचावरचा चांगला अँटेना असतो आणि तुमच्या कैकपट पॉवर. तुमच्याकडे ४-५ वॉट आणि बोटभर रबरी अँटेना. सिंहगडाच्या कड्यावरून कुणी कर्णा लावून हाक मारली तर खाली ऐकू येईल. खालून तुम्ही तोंडाने ओरडलात, तर?

१४५ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा फारसा घालत नाहीत. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, भोवती तेराशे मीटरपर्यंतचे डोंगर, आणि शहराच्या पोटात पर्वती, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी. समजा तुमचा रिपीटर नैर्ऋत्येला, सिंहगडाच्या अंगाला आहे आणि तुमचा फ्लॅट पाषाणला. मध्ये टेकडीचं अख्खं धूड आडवं. धनकवडीत तुमचा मित्र त्याच सेटवर, त्याच सेटिंगवर गच्चीतून मजेत बोलतो, आणि तुम्ही मात्र “माझा पीस खराब आला” म्हणून परत पाठवायला निघता.

तेव्हा रिपीटर कोणत्या डोंगरावर आहे ते गटातल्या जुन्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, विचारा आणि नकाशा उघडा. मग त्या दिशेच्या खिडकीत जा. खिडकीला लोखंडी जाळी असेल तर बाल्कनीत, तेही नसेल तर गच्चीवर. सेट उभा धरा, तोंडापासून चार बोटं लांब. आडवा धरून बोलण्याची सिनेमातली सवय सोडा. रिपीटरचा अँटेना उभा असतो, तुमचाही उभाच हवा. कमरेला लावून बोललात तर बरीच ताकद तुमच्या शरीरात जिरते.

मग अर्धं पाऊल सरका. ही थट्टा नाही. या लहरीची लांबी दोन मीटरच्या आसपास असते. इमारतींवर आपटून आलेल्या लहरी एकमेकींना कुठे मारतात, कुठे साथ देतात. बाल्कनीच्या एका कोपऱ्यात मेलेला सिग्नल दोन हातांवर जिवंत असतो. कर्वेनगरच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत फरशीवर खडूने फुली मारून दिली होती. त्या फुलीवर उभं राहिलं की रिपीटर उघडायचा. कपाट सरकवलं तेव्हा फुलीही सरकली.

टेकडीवर बहिरा होणारा सेट याच घरातला, पण उलटा. वर गेलं की तुम्हाला रिपीटर स्वच्छ दिसतो, तसेच शहरातले एफएम, टीव्ही, मोबाइलचे सगळे मनोरेही दिसतात. या स्वस्त सेटमध्ये सगळा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो आणि तिच्या दारात गाळणी नावालाच. शेजारी इतकी बोंबाबोंब झाली की हळू आवाज तिला ऐकूच येत नाही. तुमचं रिपीटरपर्यंत जात असतं, शेपूटच तुम्हाला ऐकू येत नाही. खूण सोपी: लांब अँटेना काढून सेटबरोबर आलेला आखूड लावा, किंवा मनोऱ्याकडे पाठ करून सेट छातीशी धरा. ऐकणं सुधारलं तर बिघाड नाही, स्वभाव आहे. माणूस “अजून मोठा अँटेना घेऊ का?” विचारतो तेव्हा मी नको म्हणतो ते याच्यामुळे.

चाचणीसाठी भटकताना एक पथ्य. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आहेत आणि त्यांचा एक पट्टा १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे अगदी आपल्या शेजारचा. त्या आकाशातली जी कुजबुज ऐकतात तिच्यापुढे आपला हँडी म्हणजे ढोलपथक. त्या भागात सेट बंद ठेवायचा.

आता मेनू

शेपूट येत नाही आणि जागा ठीक आहे, तर इथे या. आधी व्हीएफओ मोडमध्ये (फ्रिक्वेन्सी हाताने टाकायची तो), वरच्या ओळीवर. हे महत्त्वाचं, कारण चॅनल मोडमध्ये मेनूत केलेले बदल कायमचे राहत नाहीत. “मी टोन टाकला होता, तो उडाला” ही तक्रार त्यातूनच येते.

ऑफसेटची दिशा: मेनू २५. रिपीटरच्या माहितीत उणे लिहिलं असेल तर उणे. इथे काहीच नसेल तर तुम्ही रिपीटरच्या बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीवरच बोलताय. गंमत अशी की जवळपासचा एखादा हॅम तुम्हाला थेट ऐकतो आणि सांगतो, “येतंय की!” तो रिपीटरवरून ऐकतोय की थेट, हे त्याला विचारा.

ऑफसेटचं अंतर: मेनू २६. दोन मीटरवर, म्हणजे १४५ च्या आसपासच्या आपल्या पट्ट्यावर, सहसा ६०० किलोहर्ट्झ, पडद्यावर ००.६०० दिसलं पाहिजे. ०६.००० दिसत असेल तर तुम्ही ६ मेगाहर्ट्झ खाली, १३९ च्या आसपास बोलताय. ही नुसती चूक नाही. आपल्याला दोन मीटरवर १४४ ते १४६ एवढंच अंगण दिलेलं आहे. हे सेट १३६ ते १७४ कुठेही बोलतात आणि बोलताना विचारत नाहीत. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी कामाच्या फ्रिक्वेन्सीवर “टेस्टिंग, टेस्टिंग” करत असाल. म्हणून ऑफसेट लावल्यावर बटण दाबताना पडद्यावर कोणता आकडा येतो ते दर वेळी वाचा. तो बदलतो. बदललाच पाहिजे.

टोन: मेनू १३. आपल्या आवाजाखाली सेट एक बारीक सूर सोडतो, ६७.० पासून २५०.३ हर्ट्झपर्यंतच्या ठरलेल्या सुरांपैकी एक. तो ऐकू आला तरच रिपीटर दार उघडतो, नाहीतर भटक्या खरखरीने दिवसभर उघडझाप करत बसेल. तुमच्या रिपीटरचा टोन गटात विचारून घ्या, तो बदललेलाही असतो. जुन्या कागदावरचा टोन टाकून आठवडाभर डोकं आपटणारे मला दर वर्षी भेटतात. आणि मेनू १३ ऐवजी ११ मध्ये टोन टाकलात तर तो ऐकण्यावरचा पहारा होतो: रिपीटर स्वतः टोन सोडत नसेल तर तुमचा सेट कायमचा बहिरा. मेनू १०, ११, १२ तिन्ही ‘ऑफ’, फक्त १३ मध्ये टोन.

मेनू ५ ‘वाइड’ की ‘नॅरो’, हेही रिपीटरप्रमाणे. रिपीटर वाइड आणि तुम्ही नॅरो असाल तर तुमचा आवाज दबका, विहिरीतला येतो. मेनू २३ चालू असेल तर चॅनलवर कुणी असताना सेट बोलूच देत नाही. लाल दिवा न लागण्याचं एक कारण तेही. मेनू ४, आवाजाने आपोआप चालू होण्याची सोय, कृपा करून बंद. एका गृहस्थांच्या घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या आम्ही सगळ्यांनी रिपीटरवर ऐकल्या आहेत, तिसरीनंतर काकूंनी गॅस बंद केला तेही.

सगळं जमलं की मेमरीत टाका. आधी मेनू २८ ने ती जागा रिकामी करा. मग ऐकण्याची फ्रिक्वेन्सी मेनू २७ ने साठवा, आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी टाकून त्याच जागेवर पुन्हा मेनू २७. दुसरी पायरी विसरली की व्हीएफओवर चालणारा सेट चॅनलवर चालत नाही. कंप्युटरवरून करायचं असेल तर चर्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात आधी सेट वाचून ती फाइल जपून ठेवा, मगच लिहा. केबलची दोन टोकं सेटमध्ये जरा जोर लावूनच पूर्ण बसतात; “केबल चालत नाही” यातलं बरंचसं तेवढंच असतं. उरलेलं नकली चिपच्या केबलमुळे, तिथे केबल बदलण्याखेरीज इलाज नाही.

दुसरा सेट हाताशी असेल तर

हा माझा सर्वांत लाडका प्रयोग, कारण यापुढे अंदाज संपतात. मित्राला त्याचा सेट घेऊन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला पाठवा. शेजारी बसून करू नका, दोन्ही सेट एकमेकांच्या कानात ओरडतात आणि काही कळत नाही. त्याच्या सेटवर रिपीटर जिथे ऐकतो ती फ्रिक्वेन्सी लावा, टोन बंद. तुम्ही कमी पॉवरवर, कॉलसाइन सांगून, दोन शब्द बोला. त्याला ऐकू आलं तर तुमचा ऑफसेट बरोबर आणि सेट बोलतोय. आता त्याच्या सेटवर मेनू ११ मध्ये रिपीटरचा टोन टाका. पुन्हा बोला. तरीही त्याचा सेट उघडला तर तुमचा टोनही जातोय. दोन्ही जमलं आणि रिपीटर उघडत नाही, म्हणजे उरली जागा, अँटेना किंवा खुद्द रिपीटर.

मग सेट अदलाबदल करा. त्याच जागी उभं राहून त्याच्या सेटने रिपीटर उघडला आणि तुमच्याने नाही, तर आणि तरच सेटवर संशय घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील

सर्वांत आधी एक न विकत मिळणारी गोष्ट: सुमारे पन्नास सेंटिमीटर मऊ वायर. एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला गुंडाळा, मधल्या पिनेला लागू देऊ नका, बाकी खाली लोंबू द्या. याला वाघाचं शेपूट म्हणतात. हँडीच्या अँटेनाचा अर्धा भाग म्हणजे स्वतः सेट आणि तुमचा हात; दोन मीटरला तो तोकडा पडतो, ही वायर ती उणीव भरते. काठावरचे कित्येक जण एवढ्यावर आत आले आहेत. सोसायटीच्या पोरांनी हसावं एवढा मात्र तो प्रकार विचित्र दिसतो.

त्यानंतर चांगला लांब अँटेना. नकली फार आहेत, तेव्हा कुणाचा तरी वापरून बघा, मग घ्या. मग जादा बॅटरी. त्याहीपुढे गच्चीवर साधा ग्राउंड प्लेन अँटेना आणि खाली केबल, पण त्याचा स्वतंत्र लेख होईल. आणखी वॉट विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका: ५ चे १० वॉट केलेत तर फक्त ३ डेसिबल मिळतात, गच्चीत दोन मजले वर गेलात तर बहुतेकदा जास्त.

इथे थांबा

बॅटरी फुगली असेल, पाठ गोल वाटत असेल, तर त्याच क्षणी थांबा. चार्जरला लावू नका, टोचू नका, उघडू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

गच्चीवरचा अँटेना महावितरणच्या तारांच्या आसपास येत असेल तर तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून तो उभा करू नका. उंचीवर काम करणारा माणूस बोलवा. आभाळ भरून आलं असेल तर तोही नको.

सगळं केलं आणि तीन वेगवेगळ्या लोकांचाही रिपीटर उघडत नसेल, तर तो रिपीटरचाच प्रश्न. देखभाल करणाऱ्यांना कळवा: किती वाजता, कुठून, शेपूट येत होतं का. डोंगरावर जाऊन स्वतः बघायला निघू नका. गटात “रिपीटर बंद आहे का??” असं पाच वेळा विचारणं यात मोडत नाही.

आणि सेटच्या पोटात हात घालायची वेळ आली तर वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्याकडे जा, ज्याच्याकडे पॉवर मीटर आणि डमी लोड (तपासताना अँटेनाच्या जागी लावायचा भार) आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याचा हात सफाईदार असतो, पण सेट किती वॉट सोडतोय आणि भलतीकडे काय सोडतोय ते मोजायला त्याच्याकडे काही नसतं. आधी दुरुस्तीचा आकडा विचारा. तो अनेकदा नव्या सेटच्या जवळ जातो, आणि तसं तो प्रामाणिकपणे सांगतोही.

ते चार सेट असे. एक राजगडावर पावसात भिजलेला. मालकाने तो तांदळात ठेवला आणि ओला असतानाच चार्जही केला. एकाचा अँटेनाचा सांधा आतून तुटलेला, मानगुटीला धरल्यामुळे. एक बोलायचा पण त्याच्या टोनचा पत्ता नसायचा, दुसऱ्या सेटच्या प्रयोगात पकडला, वॉरंटीत बदलून मिळाला. चौथा माझा. कुणाचा तरी अँटेना तपासायला माझ्या सेटचा काढला, बोलता बोलता सवयीने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. लाल दिवा छान लागतो अजून. तो आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, नुसता ऐकायला.